पाणी बदललं की रक्त कमी झालं?

निरोगी डोक्यावरूनही रोज पन्नास ते शंभर केस गळतात. टाळूवर केसांची सुमारे एक लाख मुळे असतात आणि प्रत्येक मूळ वाढ, उतार आणि विश्रांती अशा तीन अवस्थांतून आपापल्या वेळेने जात असते. वाढ दोन ते सहा वर्षे चालते, उतार दोन-तीन आठवड्यांत आटोपतो, विश्रांती सुमारे तीन महिने टिकते. तिच्या अखेरीस जुना केस सुटतो आणि त्याच मुळातून नवा वर येतो. एका वेळी शंभरातले ८५ ते ९० केस वाढीच्या अवस्थेत असतात. वाढीचा वेग महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. कमरेपर्यंतचा केस गळतो तेव्हा तो कित्येक वर्षांपूर्वी उगवलेला असतो, त्याचे गळणे मात्र तीनेक महिन्यांपूर्वीच ठरलेले असते. बायकांच्या केसगळतीविषयीचे पुष्कळ गैरसमज या तीन महिन्यांच्या अंतरातून येतात. कारण घडून जाते, विसरले जाते, आणि ठपका बसतो गेल्या आठवड्यात आणलेल्या शाम्पूवर.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत हा ठपका शाम्पूच्या आधी पाण्यावर बसतो. घोड आणि भीमा नद्यांचा हा पट्टा. धरणे झाली, कालवे आले, ऊस वाढला, साखर कारखाने आणि गुऱ्हाळे सुरू झाली. रांजणगाव आणि कुरकुंभला औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. विहिरींची जागा खोल बोअरने घेतली. सततच्या बागायतीने जमीन क्षारपड होते आणि भूजलातले क्षार वाढतात, ही गोष्ट ऊसपट्ट्यात नवी नाही. खेड्यांत विंचरताना निघालेले गुंतवळ पिशवीत जपून ठेवायचे आणि केसांवर भांडी देणारी बाई दारात आली की त्यावर वाटी-पातेले घ्यायचे, ही रीत जुनी. त्यामुळे गळती वाढल्याचे डॉक्टरच्या आधी त्या पिशवीला कळते.

या पट्ट्यातल्या घरांत केसगळतीची चर्चा निघाली की दोन बाजू पडतात. एकीचे म्हणणे, कारण बाहेर आहे: पाणी, साबण, शाम्पू, तेल सोडणे. दुसरीचे म्हणणे, कारण आत आहे: रक्त, हार्मोन, आजारपण. पुढच्या संवादात या बाजू दोन जावांच्या तोंडी घातल्या आहेत. थोरली शिरूर तालुक्यात शेती सांभाळते, धाकटी दौंडला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. कोणा एका घरातल्या त्या नाहीत. पण त्यांची वाक्ये बऱ्याच घरांतली आहेत.

थोरली : नदीचं पाणी होतं, शिकेकाई होती, तोवर कुणाचे केस जात नव्हते. आता बोअरच्या पाण्यात साबणाला फेस धरत नाही. नहाण झालं की केस काथ्यासारखे होतात. पाण्यानंच जातात, दुसरं काय?

धाकटी : फेस धरत नाही हे खरंय, ताई. पण गळालेला केस एकदा बोटांत धरून बघा. एका टोकाला पांढरी बारीक गाठ असली तर तो मुळातून सुटलाय. गाठ नसली आणि केस अर्धामुर्धाच असला, तर तो मधेच तुटलाय. पाणी केस तोडील, मुळातून कसं काढील?

हा भेद साऱ्या विषयाचा पाया आहे. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून साका करतात. तो केसांवर बसतो, केस राठ होतो, गुंततो, विंचरताना तुटतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पण जड पाण्याने केस खरोखर किती कमकुवत होतो, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. भारतातच २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जड पाण्यात आणि शुद्ध पाण्यात धुतलेल्या केसांच्या ताकदीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. नंतरच्या एका परदेशी चाचणीत तो आढळला. केस तुटण्याची अधिक ठाम कारणे दुसरी आहेत: ओले केस बारीक दातांच्या फणीने ओढणे, वारंवार रंग आणि ब्लीच, तापलेली इस्त्री, पार्लरमधले स्मूदनिंग. यांतले एकही सहसा मुळाला हात लावत नाही. केस तुटून विरळ दिसतात, टाळू उघडी पडत नाही.

थोरली : आणि तेल? तुमच्या पिढीनं तेलच सोडलं.

धाकटी : खोबरेल तेलानं केस तुटायचा कमी होतो, ते मान्य. तेलानं नवीन केस उगवतात हे मात्र नाही.

तेलाच्या बाबतीत थोरलीचा अनुभव प्रयोगशाळेत टिकला आहे. मुंबईच्या रेले आणि मोहिले या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली. धुण्याआधी किंवा नंतर लावले असता केसातली प्रथिने झिजण्याचे प्रमाण फक्त खोबरेलाने कमी झाले, कारण त्यातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरते. माका, जास्वंद, आवळा घालून कढवलेल्या तेलांचा आधारही बहुतेक खोबरेल किंवा तिळेलच असते. त्यांचा जो गुण दिसतो, त्यातला बराचसा या आधाराचा असावा.

थोरलीचा पुढचा पुरावा मात्र मोठा आहे.

थोरली : आणि ते बुलढाण्याचं? टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. बायामाणसांची डोकी आठ दिवसांत मोकळी झाली. पाणीच खराब निघालं ना तिथलं?

धाकटी : आधी पाणीच म्हटले, ताई. नंतर काय म्हटले ते टीव्हीनं तेवढं दाखवलं नाही.

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून बातम्या येऊ लागल्या. टाळू खाजायची, दोन-तीन दिवसांत केस हातात यायचे, आठवड्यात टक्कल. हा भाग खारपाणपट्ट्याचा. पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले आणि तर्क तिथेच थांबला. मग भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके आली. विंचूदंशावरील उपचारांसाठी जगभर ओळखले जाणारे रायगडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गावांत जाऊन रक्त, लघवी, केस आणि धान्य तपासून घेतले. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात १८ गावांतल्या २७९ लोकांचे केस गेले होते. बावस्करांच्या तपासणीत बाधितांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले आढळले. जस्त मात्र कमी. रेशनवर आलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम होते, नेहमीचे प्रमाण १.९ मिलिग्रॅम. गहू धुऊनही आकडा फारसा उतरला नाही, म्हणजे ते वरून लागलेले नव्हते, दाण्यातच होते. हा गहू पंजाबकडून आल्याचे सांगितले गेले; तिथे शिवालिकच्या पायथ्याच्या काही जमिनींत सेलेनियम मुळातच जास्त आहे. पुढे त्याच गावांतून नखे गळाल्याच्याही तक्रारी आल्या. सेलेनियमच्या विषबाधेत केसांमागून नखे जातात.

थोरली : म्हंजे आलं ते बाहेरूनच की.

धाकटी : बाहेरून आलं, पण नहाणातून नाही, भाकरी-पोळीतून आलं.

हा डाव बरोबरीत सुटला म्हणायला हरकत नाही. सेलेनियम थोडे लागते, फार झाले की केस नेते. अ जीवनसत्त्वाचेही तसेच. केसांसाठी म्हणून मनाने गोळ्या घेणाऱ्यांना हे सहसा कुणी सांगत नाही.

बुलढाण्यासारखी गळती विरळा. रोजच्या तक्रारींत मोठा वाटा विश्रांती-गळतीचा असतो. शरीराला मोठा धक्का बसला की वाढीत असलेले पुष्कळ केस एकदमच विश्रांतीत जातात आणि दोन ते तीन महिन्यांनी एकदमच सुटतात. धक्का कोणताही चालतो: डेंगी, चिकुनगुन्या, टायफॉइड, मोठी शस्त्रक्रिया, घरातला मृत्यू, झपाट्याने उतरवलेले वजन, चालू औषधात बदल. करोनाच्या लाटांनंतर ही गळती घरोघरी दिसली. काही रक्त पातळ करणारी औषधे, फेफऱ्याची काही औषधे, गर्भनिरोधक गोळ्या अचानक थांबवणे, यांनीही ती सुरू होते. केस डोक्यावर सगळीकडून सारखे गळतात, भांग रुंदावत नाही, टाळू निरोगी असते. धक्का सरला की साधारण सहा महिन्यांत गळती थांबते. सहा महिने उलटूनही ती चालूच राहिली तर तिला जुनाट म्हणतात. ती तिशी ते साठीतल्या बायकांत अधिक दिसते.

थोरली : बाळंतिणीचे केस जातात ते? आम्ही म्हणतो, बाळ आईला ओळखायला लागलं की आईचे केस गळतात.

धाकटी : आणि बाळ ओळखायला कधी लागतं?

थोरली : तिसऱ्या-चौथ्या महिन्यात.

धाकटी : तेच की तीन महिने, ताई.

गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलेले असते, केसांची वाढीची अवस्था लांबते आणि वेणी दाट होते. बाळंतपणानंतर हार्मोन उतरतात आणि रोखून धरलेले केस एकदम विश्रांतीला जातात. थोरलीच्या म्हणीत कारण चुकले आहे, वेळ अचूक आहे. बाळ वर्षाचे होईपर्यंत केस बहुतेक परत येतात. येत नसतील तर रक्त आणि थायरॉइड पाहावे लागते.

रक्ताच्या मुद्द्यावर धाकटीचा आवाज चढतो.

धाकटी : लॅबला दिवसभर बायका येतात. हिमोग्लोबिन नऊ, साडेनऊ. आणि विचारतात काय, तर कोणता शाम्पू वापरू?

थोरली : येऊ देत की. बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते. भाजी संपलेली असते, चटणी-भाकर उरते. तुझ्या मशिनीत ते दिसतं का?

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. केसांच्या बाबतीत त्याआधीचाही टप्पा महत्त्वाचा आहे: हिमोग्लोबिन ठीक असते, पण शरीरातला लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, रिकामा होत आलेला असतो. केसाच्या मुळातल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी. तुटवडा पडला की शरीर आधी हृदय-मेंदू सांभाळते. लोह कमी असताना केस नक्की किती गळतात यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण साठा कमी असेल तर तो भरावा यावर नाहीत.

आयुर्वेदात याच रक्ताविषयी एक उलटा तर्क आहे. माधवनिदानावरच्या मधुकोश टीकेत आलेले एक जुने मत सांगते की स्त्रियांना टक्कल पडत नाही, कारण दर महिन्याला दूषित रज बाहेर जाते. पुरुषासारखे टक्कल बाईला क्वचितच पडते, एवढे निरीक्षण चांगले आहे. पण अंगावरून जास्त जाणे हेच आज बायकांच्या लोहाच्या तुटवड्याचे मोठे कारण मानले जाते. पाळीत किती दिवस, किती जाते, हा प्रश्न केसांच्या तक्रारीत पहिल्या पाचांत यायला हवा. बायका स्वतःहून तो मुद्दा काढत नाहीत.

गाळपाच्या हंगामात या तालुक्यांत बाहेरून येणाऱ्या ऊसतोड बायकांचे प्रकरण आणखी अवघड. अपुरे खाणे, पहाटेपासून कष्ट, डोक्यावर मोळी; चुंबळीखाली घासून टाळूवरचे केस तुटतात ते वेगळेच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भपिशव्या लहान वयात मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये समोर आले आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. शस्त्रक्रिया हा स्वतंत्र धक्का असतोच. सोबत बीजकोशही काढले असतील तर तिशीतच पाळी गेल्यासारखी हार्मोनची स्थिती होते आणि केस विरळ होण्याची वाट मोकळी होते.

ती वाट म्हणजे स्त्री-नमुन्याची केसगळती. हिच्यात गुंतवळ फार निघत नाही, म्हणून ती उशिरा कळते. मुळे आकसतात, प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येतो. मधला भांग हळूहळू रुंदावतो, माथ्यावरची टाळू दिसू लागते; कपाळावरची केसांची रेषा मात्र जागेवर राहते. लुडविग यांनी १९७७ मध्ये हिच्या तीन पायऱ्या मांडल्या, त्या आजही वापरात आहेत. आनुवंशिकता आणि पुरुष-हार्मोनला मुळांचा असलेला जास्त प्रतिसाद ही कारणे मानतात. बहुतेक बायकांचे हार्मोन तपासणीत सरळच येतात. पाळी गेल्यानंतर प्रमाण वाढते.

थोरली : आमच्या सासूबाईंचा भांग तसाच रुंद होता. त्यांनी कधी शाम्पूला हात लावला नाही.

धाकटी : मग हे तुम्हीच सांगितलंत, मी नाही.

विशीतल्या मुलीचा भांग रुंदावत असेल, सोबत पाळी दोन-दोन महिने येत नसेल, हनुवटीवर राठ केस आणि चेहऱ्यावर पुरळ असेल, तर पीसीओएसचा, म्हणजे बीजकोशांशी जोडलेल्या हार्मोनबिघाडाचा, संशय धरावा. थायरॉइड मंद असेल तर केस कोरडे आणि राठ होतात, भुवईचा बाहेरच्या टोकाकडचा भाग विरळ होतो, वजन वाढते, थंडी सोसत नाही. थायरॉइड जास्त काम करत असेल तरीही केस गळतात. थायरॉइडच्या या दोन्ही प्रकारांत मूळ आजाराला औषध दिले की केस बरेचसे सावरतात.

बाईच्या डोक्यावरून केस जाणे याला महाराष्ट्रात जुना डंख आहे. विधवेचे केशवपन इथे एका पिढीपूर्वीचे नसले, तरी फार लांबचेही नाही. १८९० मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केस कापायला नकार दिला. केस उतरवलेल्या विधवांसाठी घर उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन दौंड तालुक्यातल्या केडगावला आहे. १९२२ मध्ये त्यांचे निधन तिथेच झाले. उघड्या टाळूचा असा अर्थ मागच्या पिढ्यांनी पाहिलेला असल्यामुळे असेल, विरळ भांगाची बाई पदर पुढे ओढते आणि डॉक्टरकडे दोन-तीन वर्षे उशिरा पोचते.

याउलट चाई पडली की घर हादरते. नाण्याएवढा, गुळगुळीत, चकचकीत ठिपका. खाज नाही, खपली नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटते, म्हणून चाई पडते. ती संसर्गाने पसरत नाही. एकीची फणी दुसरीने वापरली म्हणून लागत नाही. काहींच्या नखांवर बारीक खड्डे दिसतात, काहींना सोबत थायरॉइडचा किंवा कोडाचा त्रास असतो.

थोरली : चाईवर गुंज उगाळून लावतात. कांद्याचा रसही. आमच्या धाकट्या नणंदेचे केस आले त्यानं.

धाकटी : एक-दोन ठिपके असले तर औषध न लावताही पुष्कळांचे वर्षभरात येतात, ताई. मग जे लावलं असेल त्याला श्रेय.

गुंजेचे बी विषारी आहे. सोलवटलेल्या कातडीवर ते लावणे धोक्याचे. कांद्याची बाजू तेवढी कच्ची नाही: बगदादच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २००२ मध्ये चाईवर कच्च्या कांद्याचा रस लावून पाहिला आणि नुसते पाणी लावलेल्यांपेक्षा अधिक जणांचे केस आले. चाचणी लहान होती. डॉक्टरी उपचार ठिपक्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्यापासून सुरू होतो. सगळे डोके किंवा भुवयाही गेल्या असतील तर प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या नव्या गोळ्या आहेत. त्यांतल्या बॅरिसिटिनिबला अमेरिकेत २०२२ मध्ये या रोगासाठी मान्यता मिळाली. लहान मुलीच्या डोक्यावर खपल्या, खाज आणि तुटक्या केसांची खुंटे असतील तर ती चाई नसून नायटा असतो. तो लागतो, आणि नुसत्या मलमाने जात नाही. बुरशी मुळात असल्याने पोटात औषध घ्यावे लागते.

ओढून बांधलेल्या केसांची गळती मात्र थोरलीच्या बाहेरच्या कारणांच्या यादीत शोभते. कपाळाच्या कडेने आणि कानांच्या वर केस मागे सरकतात, कडेला बारीक लव राहते. शाळेच्या घट्ट दोन वेण्या, नोकरीच्या गणवेशाबरोबरचा आवळलेला अंबाडा, रोजचे गंगावन यांनी ती होते. दौंड तालुक्यातल्या चौफुल्याच्या कला केंद्रांत नाचणाऱ्या, जड खोप्याचे ओझे रात्री तासन्‌तास वाहणाऱ्या स्त्रियांनाही हा धोका असतो. जट झालेल्या बाईच्या डोक्यावर हाच ताण अधिक प्रमाणात, वर्षानुवर्षे राहतो, मान दुखते, टाळू सुजते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बाईची भीती काढून, तिच्या संमतीने जट सोडवतात ते म्हणूनच आरोग्याचेही काम आहे. ओढ लवकर थांबली तर केस येतात. दहा-पंधरा वर्षे ओढ राहिली तर मुळे मरतात.

बाहेरच्या कारणांत काळ्या मेंदीचा उल्लेखही इथेच करावा लागतो. झटपट काळी करणाऱ्या बहुतेक मेंदीत आणि कलपात पीपीडी हे रसायन असते. त्याची ॲलर्जी आली की टाळू लाल होते, पाणी सुटते, डोळे सुजतात आणि काही महिन्यांनी केस गळतात. कर्करोगाच्या औषधांनी होणारी गळती वेगळीच: वाढीत असलेले केस तिथल्या तिथे तुटतात, औषध सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत डोके रिकामे होते, आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांत केस परत येतात.

थोरली : एवढे प्रकार, मग तपासायचं काय काय? सगळंच केलं तर म्हैस विकावी लागंल.

धाकटी : सगळं नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइडची टीएसएच. पाळीची तक्रार असेल तर पुढचं. आणि तपासणीला येताना केसांच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद.

थोरली : त्या गोळ्या तर तूच घेत होतीस.

धाकटी : घेत होते. म्हणून तर सांगते.

केसांच्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असते. त्याचा तुटवडा फार क्वचित असतो, म्हणून बहुतेकींना त्याचा फायदा होत नाही. उलट काही यंत्रांवर थायरॉइडचे आकडे त्यामुळे चुकीचे येतात. तपासणीआधी डॉक्टर साध्या हाताने एक चाचणी करतात: पन्नास-साठ केस चिमटीत धरून सावकाश ओढायचे, सहांहून अधिक आले तर गळती चालू आहे.

उपचार प्रकाराप्रमाणे पूर्ण बदलतात. विश्रांती-गळतीला कारण दूर करणे आणि थांबणे, एवढेच लागते. लोह कमी असेल तर गोळ्या साठा भरेपर्यंत, हिमोग्लोबिन वर आल्यावरही काही महिने घ्यायच्या असतात. स्त्री-नमुन्याला मिनॉक्सिडिल लावतात. हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढलेले दिसले, म्हणून ते डोक्यावर लावायला आले. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते आणि इथेच निम्म्या बाटलीवर पुष्कळ जणी ते सोडतात. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात, थांबवले की लाभ ओसरतो, गरोदरपणात ते वापरत नाहीत.

थोरली : म्हंजे जन्मभर?

धाकटी : हवे असतील तोवर. तुम्ही तेल किती वर्षं लावताय?

उरतो तो प्रकार, ज्यात वाट पाहणे परवडत नाही. व्रण पाडणाऱ्या गळतीत सूज केसाचे मूळच जाळते आणि तिथली कातडी गुळगुळीत, छिद्रहीन होते. लायकेन प्लॅनोपिलॅरिसमध्ये केसांच्या मुळाभोवती लाली आणि खपली, टाळूला जळजळ. डिस्कॉइड ल्युपसमध्ये खोल चट्टे, कधी कानावर आणि चेहऱ्यावरही. पाळी गेलेल्या बायकांत कपाळावरची रेषा सरळ मागे सरकणे आणि भुवया विरळ होणे असा एक प्रकार ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये प्रथम वर्णिला गेला. पुष्कळदा तो वयाचा परिणाम समजून सोडून दिला जातो. निदानाला टाळूच्या कातडीचा बारीक तुकडा काढून तपासावा लागतो. शिरूर किंवा दौंडच्या सरकारी रुग्णालयात रक्त तपासून होते, पण अशा बायॉप्सीसाठी सहसा पुण्याच्या ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जावे लागते. गेलेले केस तिथेही परत आणता येत नाहीत; उपचाराने सूज थांबते आणि शिल्लक मुळे वाचतात. त्यामुळे टाळू दुखत असेल, जळजळ असेल, किंवा मोकळ्या झालेल्या जागेत केसांची छिद्रेच दिसत नसतील, तर पाणी आणि रक्ताचा वाद मागे ठेवून थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठायचा असतो.